आलेख सपाट दिसतोय, पण श्रेणी थांबली का? ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर तपासायची रीत

मागच्या जुलैत गाड्या रखडल्या होत्या, त्यामुळे क्लासला चारच मुलं पोचली. त्यातल्या एकाने ओल्या हाताने फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, पुस्तकात चुकीचं छापलंय. हार्मोनिक सीरीज डायव्हर्ज नाही होत. हे बघा ना." डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या ॲपवर त्याने १ + १/२ + १/३ + १/४ … या श्रेणीच्या पहिल्या २०० बेरजा ठिपक्यांनी मांडल्या होत्या. ठिपक्यांची रांग सुरुवातीला ताठ चढत होती, मग वाकत वाकत ५.८७८ पाशी जवळजवळ आडवी झाली होती. ते चित्र बघून कुणीही म्हणेल की ही सहाच्या आसपास थांबणार.

पुस्तक बरोबर होतं आणि त्याचं चित्रही बरोबर होतं. चित्रात बघायची जागा मात्र चुकली होती. आंशिक बेरीज, म्हणजे पहिल्या काही पदांची बेरीज, किती उंच गेली, ती आडवी दिसते का, याला फारसा अर्थ नसतो. पदांची संख्या दुप्पट केल्यावर बेरजेत किती भर पडते आणि ती भर पुढच्या दुपटीला किती पटीने घटते, हे बघायचं असतं. एवढं एक हाताशी असलं की कॅल्क्युलेटर कामाचा, नाहीतर तो दिशाभूल करतो. खालची सगळी रीत त्याच गोष्टीभोवती आहे.

(बेरीज एका ठरावीक आकड्याकडे जात असेल तर श्रेणी कन्व्हर्ज होते, नाहीतर डायव्हर्ज. वर्गात आम्ही हेच शब्द वापरतो. मराठी पुस्तकांत अभिसारी आणि अपसारी असे शब्द आहेत. इथे जिथे जे तोंडात येईल ते लिहिते.)

कशावर करायचं

त्यासाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, पालथा घालायची गरज नाही. टीआय-८४ किंवा कॅसिओ एफएक्स-सीजी५० हे खरे ग्राफिंग कॅल्क्युलेटर आपल्याकडे महाग पडतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सहसा नेऊ देत नाहीत. फोनवरचं डेस्मॉस किंवा जिओजेब्रा फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. मी डेस्मॉस धरून सांगते.

ज्यांच्याकडे खरं यंत्र आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टीआय-८४ वर मोडमध्ये जाऊन फंक्शनऐवजी सीक्वेन्स निवडा. मग 'वाय =' च्या पडद्यावर यू(एन) = यू(एन−१) + १/एन² असं भरा, एनची किमान किंमत १ आणि यूची पहिली किंमत १ द्या. आलेख आणि टेबल दोन्ही तिथूनच मिळतात. कॅसिओच्या ग्राफिंग मॉडेलांत रिकर्शन नावाचा मेनू असतो. त्याच्या सेटअपमध्ये सिग्मा डिस्प्ले चालू केलं की पदांच्या शेजारी आंशिक बेरजांचा रकाना आपोआप येतो. फार सोयीचं आहे, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं.

इंजिनिअरिंगच्या प्रत्येक दप्तरात असणारा कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस आलेख काढत नाही, पण त्यात सिग्माची सोय आहे. चौकटवाल्या लॉगच्या कळीवर शिफ्ट दाबून ती येते. चल म्हणून एक्सच वापरावा लागतो. हजार पदांची बेरीज मागितली तर तो बराच वेळ विचार करत बसतो. तेवढ्यात चहा टाकून घ्या.

पहिलं काम: पद शून्याकडे जातं का

डेस्मॉसमध्ये पहिल्या ओळीत पदाचं सूत्र लिहा, म्हणजे छोटा ए, कंसात एन, बरोबर, आणि सूत्र. उदाहरणार्थ ए(एन) = १/एन². दुसऱ्या ओळीत यादी करा: मोठा एल = चौकोनी कंसात १, तीन टिंबं, २००. तिसऱ्या ओळीत गोल कंसात एल, स्वल्पविराम, ए(एल). दोनशे ठिपके उमटतील.

ठिपके शून्याच्या रेषेवर उतरत नसतील तर श्रेणी कन्व्हर्ज होऊच शकत नाही आणि काम तिथेच संपतं. कॉस(१/एन) टाकून बघा. पदं १ ला जाऊन चिकटतात, म्हणजे दर पावलाला बेरजेत जवळजवळ एक मिळतो. एन/(एन+१) चंही तेच.

उलट बाजू मात्र खरी नाही. पद शून्याकडे गेलं म्हणजे श्रेणी कन्व्हर्ज झाली, असं उत्तरपत्रिकेत लिहिणारी मुलं दरवर्षी निघतात. १/एन शून्याकडे जातं, तरी बेरीज फुटते.

आणखी एक फसवी जागा आहे. १/लॉग एन (नैसर्गिक लॉग) हे पद एन = १००० ला अजून ०.१४५ असतं. ठिपके बघून वाटतं की हे काही शून्यावर येत नाही. येतं, पण रांगत रांगत. चिन्हं आलटून पालटून आली तर याच पदांची श्रेणी कन्व्हर्ज होते, म्हणजे नुसता डोळ्यांवर भरवसा ठेवला असता तर चांगली श्रेणी फेकून दिली असती. शंका आली की सूत्राकडे बघून लिमिट हाताने काढा. ते दोन ओळींचं काम असतं.

दुसरं काम: आंशिक बेरजा

चौथ्या ओळीत मोठा एस, कंसात मोठा एन, बरोबर, आणि मग 'सम' ची तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. लगेच सिग्मा उमटतो. खाली छोटा एन = १, वर मोठा एन, पुढे ए(एन). छोटा एन आणि मोठा एन डेस्मॉसला वेगवेगळे कळतात, तुम्हीही वेगवेगळेच ठेवा. त्यानंतर गोल कंसात एल, एस(एल) लिहा आणि रंग बदला, नाहीतर पदं कुठली आणि बेरजा कुठल्या हे पाच मिनिटांत विसरायला होतं.

आता चित्र दिसेल, आणि हीच जागा फसवायची. म्हणून आलेखाशेजारी टेबल उघडा. पहिल्या रकान्यात १०, १००, १००० भरा आणि दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर एस लिहून कंसात पहिल्या रकान्याचं नाव द्या.

१/एन² साठी १.५४९७७, १.६३४९८, १.६४३९३ असे आकडे येतात. उत्तर पायच्या वर्गाला सहाने भागून येतं, म्हणजे १.६४४९३. ऑयलरने १७३० च्या दशकात ते शोधलं. या आकड्यांत एक लय दिसते का बघा: दहा पदांनंतर ०.०९५ बाकी, शंभरनंतर ०.००९९५, हजारनंतर ०.०००९९९५. उरलेला भाग साधारण १/एन एवढा. म्हणजे सहा दशांश स्थळं बरोबर हवी असतील तर दहा लाख पदं मिळवायला लागतील. कन्व्हर्ज होणं वेगळं आणि लवकर कन्व्हर्ज होणं वेगळं.

१/एन साठी तेच टेबल: २.९२९०, ५.१८७४, ७.४८५५. दहा हजारला ९.७८७६. इथे दर दहापटीला साधारण २.३ ची भर पडते आहे. ती कमी होत नाही. आलेख आडवा दिसतो कारण दहापट पुढे जायला तुम्ही आडव्या अक्षावर दहापट लांब जाता, आणि फोनची रुंदी तेवढीच राहते.

मी मुलांना विरारच्या गाडीचं सांगते. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर धरा. एक गाडी पहिल्या तासात निम्मं अंतर कापते, दुसऱ्या तासात उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं. ती विरारला टेकतच नाही, पण विरारच्या पुढेही जात नाही. दुसरी गाडी पहिल्या तासाला एक किलोमीटर जाते, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश. ही दुसरी गाडी विरारला पोचते, डहाणूलाही पोचते, तुम्ही म्हणाल तिथे पोचते. फक्त विरारला पोचायला लागणाऱ्या तासांची संख्या २६ आकडी आहे. "मॅडम, म्हणजे आजच्यासारखी," असं एका मुलीने त्या दिवशी म्हटलं होतं.

तिसरं काम, आणि हेच मुख्य: दुपटीची भर

दोन ओळी आणखी लिहा. मोठा डी(के) = एस(२के) − एस(के). मोठा आर(के) = डी(२के) / डी(के). डी म्हणजे दुपटीला पडलेली भर, आर म्हणजे ती भर पुढच्या दुपटीला किती पटीने बदलली. टेबलमध्ये के म्हणून १००, २००, ४०० घ्या, आणि फोनला झेपत असेल तर १००० ही घ्या. फोन गरम झाला तर आकडे कमी करा.

१/एन² साठी डी येतो ०.००४९६, ०.००२४९, ०.००१२५. दर वेळी निम्मा. आर ०.५०. उरलेली सगळी भर आता एका भूमितीय श्रेणीसारखी आहे, निम्म्याचं निम्मं, आणि ती बेरीज मर्यादित असणारच.

१/एन साठी डी येतो ०.६९०७, ०.६९१९, ०.६९२५. घटत नाहीच, उलट ०.६९३१ कडे, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगकडे, किंचित वाढतो आहे. आर १.००. दर दुपटीला साधारण ०.६९ मिळत राहणार, आणि दुपटी कधी संपत नाहीत. त्या मुलाला मी एवढंच करायला लावलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "अच्छा, म्हणजे प्रत्येक वेळी तेवढंच मिळतंय."

तो जे बोलला ती सिद्धताच आहे. के+१ पासून २के पर्यंत के पदं असतात, त्यातलं सगळ्यात छोटं १/२के. म्हणून त्यांची बेरीज निदान अर्धी. दर दुपटीला निदान अर्धा मिळत असेल तर बेरीज कुठेच अडत नाही. निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच विद्वानाने चौदाव्या शतकात हेच मांडलं होतं. त्याच्याकडे फोन नव्हता. दुपटीच्या गटांची ही कल्पना पुढे कोशीच्या कंडेन्सेशन टेस्टमध्ये आली. तुमच्या अभ्यासक्रमात ती असेल तर आता ती पाठ करायची गरज पडणार नाही.

१/√एन टाकलंत तर आर येतो १.४१. भर वाढतेच आहे. डायव्हर्ज, आणि तीही उघडउघड. पी घाताच्या कुठल्याही श्रेणीत, म्हणजे १/एन चा पीवा घात, आर हा २ चा (१−पी)वा घात असतो. म्हणून पी १ पेक्षा मोठा असेल तर आर १ पेक्षा लहान.

जिथे डोळे हरतात

आता दोन श्रेणी शेजारीशेजारी ठेवा. एक, १/एन चा १.०१ वा घात. दुसरी, १/(एन × लॉग एन), लॉग नैसर्गिक, सुरुवात एन = २ पासून, कारण १ चा लॉग शून्य आणि शून्याने भागता येत नाही. (ही सुरुवात बदलायला मुलं विसरतात आणि डेस्मॉस काहीच दाखवत नाही. मग ते मला म्हणतात, ॲप बिघडलं.)

पहिली कन्व्हर्ज होते, दुसरी डायव्हर्ज. आंशिक बेरजा मात्र नेमकं उलट सांगतात. हजार पदांनंतर पहिलीची बेरीज ७.२५ असते, हार्मोनिकच्या ७.४९ च्या अगदी शेजारी, आणि दोघींचे ठिपके एकमेकांवर चढलेले. दहा लाख पदांनंतर ती १३.४८ असते. तिचं खरं उत्तर आहे साधारण १००.५८. दहा लाख पदं मिळवून आपण वाटेच्या सातव्या हिश्श्यापर्यंतही आलेलो नसतो.

दुसरीची बेरीज शंभरपर्यंत २.३२, हजारपर्यंत २.७३, दहा हजारपर्यंत ३.०२ आणि दहा लाखपर्यंत ३.४२. कुणालाही वाटेल की ही साडेतीनला थांबेल. ती १० ओलांडते, पण त्यासाठी एन एवढा मोठा लागतो की तो लिहायला ४३०० पेक्षा जास्त आकडे पडतील. जगातला कुठलाच संगणक तिथवर एकेक पद मिळवत जाणार नाही.

आर काय सांगतो बघा. पहिलीचा आर ०.९९३ च्या जवळ येतो आणि तिथेच ठाम राहतो. दुसरीचा के = १००० ला ०.९१३ येतो. घाईत बघणारा म्हणेल, ०.९१३ हा ०.९९३ पेक्षा लहान, म्हणजे दुसरीच लवकर थांबणार. पण तो आकडा हलतो आहे. के = २००० ला ०.९२०, ४००० ला ०.९२६, दहा लाखला ०.९५३. तो एककडे सरकतो आहे आणि सरकतच राहणार.

म्हणून आर १ पेक्षा लहान आहे, एवढंच बघून भागत नाही. तो १ पेक्षा लहान अशा एखाद्या जागी स्थिर व्हायला हवा. चार-पाच दुपटींनंतरही आर वर वर चढतोय असं दिसलं तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि इंटिग्रल टेस्ट लावा. १/(एक्स × लॉग एक्स) चं इंटिग्रल लॉग(लॉग एक्स) येतं. ते अनंताला जातं, फक्त सगळ्यात आळशी चालीने. माझ्या अनुभवात पेपर काढणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न आहे.

लॉग-लॉग आलेखाची रीतही काहीजण वापरतात. लॉग एल विरुद्ध लॉग ए(एल) असे ठिपके काढायचे, सरळ रेषा दिसली की तिचा उतार वजा पी. रीत झकास आहे, पण १/(एन × लॉग एन) तिलाही गंडवते. हजारच्या आसपास उतार −१.१४ दिसतो आणि वाटतं, पी १.१४, झालं काम. या आलेखाला मी फक्त पहिला अंदाज म्हणून वापरते.

फॅक्टोरियल दिसला की रेशो

पदात फॅक्टोरियल किंवा एनवा घात असेल तर दुपटीच्या भानगडीत पडू नका. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर काढा: क्यू(एन) = ए(एन+१)/ए(एन). त्याचे ठिपके काढा. ते १ च्या खाली एखाद्या रेषेला लागले तर कन्व्हर्ज, १ च्या वर लागले तर डायव्हर्ज, नेमके १ ला लागले तर ही टेस्ट काहीच बोलत नाही आणि वरची रीत वापरावी लागते.

एन² भागिले (२ चा एनवा घात) घ्या. गुणोत्तर ०.५ ला लागतं, आणि बेरीज नेमकी ६ येते. तीस पदांतच कॅल्क्युलेटरवर ५.९९९९९९ दिसायला लागतं. असं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं, मजा घ्या.

एन! भागिले (एन चा एनवा घात) यात मात्र यंत्राचं पोट फुटतं. एफएक्स-९९१ वर ६९! चालतं, ७०! ला मॅथ एरर येते, कारण त्याची कमाल मर्यादा १० चा शंभरावा घात ओलांडत नाही. डेस्मॉस १७०! पर्यंत जातं, १७१! ला हात टेकतं. ठिपक्यांची रांग मध्येच तुटलेली दिसली तर श्रेणीला काही झालेलं नसतं. हाताने गुणोत्तर सोपं करा: इथे ते (एन/(एन+१)) चा एनवा घात होतं. आता हवा तेवढा मोठा एन घाला, ठिपके ०.३६७९ ला लागतील. तो आकडा म्हणजे १/ई.

चिन्हं बदलणारी श्रेणी

१ − १/२ + १/३ − १/४ … या श्रेणीच्या आंशिक बेरजांचे ठिपके वर-खाली उड्या मारतात. ते रेषांनी जोडले तर करवतीचे दात दिसतात, हळूहळू लहान होत जाणारे. दहा पदांनंतर ०.६४५६, अकरानंतर ०.७३६५. खरं उत्तर ०.६९३१ त्या दोघांच्या मध्ये. अशा श्रेणीत पदं घटत घटत शून्याला जात असतील तर उत्तर कायम लागोपाठच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये असतं, त्यामुळे चूक किती हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता येतं: पुढच्या पदापेक्षा जास्त नाही.

इथे आणखी एक टेबल कराच. निरपेक्ष किंमत घेऊन तीच श्रेणी परत तपासा. ती डायव्हर्ज झाली तर मूळ श्रेणी कंडिशनली कन्व्हर्जंट, म्हणजे फक्त चिन्हांच्या जोरावर कन्व्हर्ज होणारी. दोन गुणांचा उपप्रश्न असतो आणि मुलं तो घाईत सोडतात.

याच जातीची एक श्रेणी आपल्या देशातली आहे. केरळच्या संगमग्रामचे माधव, चौदाव्या शतकातले. १ − १/३ + १/५ − १/७ … ही श्रेणी पायचा चौथा भाग देते. डेस्मॉसवर तिची चारपट करून बघा: दहा पदांनंतर ३.०४१८, अगदीच निराशा. माधवांच्या परंपरेत यावर तोड होती, शेवटी एक दुरुस्तीचं पद जोडायचं. त्यातलं एक, चारपट केलेल्या बेरजेसाठी, ४एन/(४एन²+१). एन = १० घालून ०.०९९७५ येतं. ते मिळवा: ३.१४१५९०. दहा पदांत पाच दशांश स्थळं. हे फोनवर स्वतः करून बघा, नुसतं वाचून त्याची गंमत कळत नाही.

घातश्रेणी आणि स्लायडर

एक्स असलेल्या श्रेणीसाठी डेस्मॉससारखं साधन नाही. वाय = सिग्मा, एन १ पासून मोठ्या एम पर्यंत, एक्स चा एनवा घात भागिले एन. एमसाठी स्लायडर विचारेल, तो १ ते ३० ठेवा आणि पावलं एकेकाची. शेजारी वाय = −लॉग(१−एक्स) काढा, नैसर्गिक लॉग.

स्लायडर सरकवा. −१ आणि १ च्या मध्ये वक्र एकमेकांना चिकटत जातात. −१ च्या डावीकडे मात्र गंमत आहे. मूळ फंक्शनला तिथे काहीच अडचण नाही, ते शांतपणे −५, −१० पर्यंत जातं. बहुपदी मात्र −१ ओलांडली की उधळतात, एम सम असेल तर वर, विषम असेल तर खाली. कन्व्हर्जन्सची त्रिज्या १ आहे हे मग कुणाला सांगायला लागत नाही.

टोकांना आलेख काहीच नीट सांगत नाही. एक्स = १ घातला की हार्मोनिक, −१ घातला की वरची चिन्ह बदलणारी, फक्त सगळी चिन्हं उलटी. दोन टोकं, दोन वेगळी उत्तरं. टोकं नेहमी हाताने आणि वेगवेगळी तपासा.

यंत्राच्या स्वतःच्या खोड्या

साइन-कॉस असलं की आधी रेडियन मोड बघा. डेस्मॉस रेडियनमध्येच उघडतं, पण दप्तरातला कॅसिओ बहुधा डिग्रीत असतो, कारण आदल्या तासाला मेकॅनिक्स झालेलं असतं. मी स्वतः एकदा पूर्ण फळाभर टेबल लिहून मग पाहिलं, वर कोपऱ्यात डी लिहिलेलं. मुलांनी डस्टर हातात दिलं.

दुसरी खोडी आकडे गोल करण्याची. ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत हार्मोनिकची बेरीज एकेक पद मिळवत केली तर ती साधारण २१ लाख पदांनंतर १५.४०३७ ला चक्क गोठते. पुढचं पद इतकं छोटं असतं की मिळवलं तरी बेरजेचा शेवटचा आकडा हलत नाही. डायव्हर्ज होणारी श्रेणी यंत्रावर खरोखर थांबते. डेस्मॉस जास्त आकडे धरतं, त्यामुळे तुम्हाला हे दिसणार नाही, पण कुठलंही यंत्र अनंतापर्यंत जात नाही.

पेपरात यातलं काहीच लिहायचं नाही. "कॅल्क्युलेटरवर ०.५ आलं" याला शून्य गुण. आर ०.५ दिसला तर पी २ असणार, म्हणून १/एन² शी लिमिट कम्पॅरिझन. गुणोत्तर स्थिर दिसलं तर रेशो टेस्ट. आर सरकताना दिसला तर इंटिग्रल. घरी यंत्रावर बघायचं कुठली टेस्ट लागेल, आणि पेपरात ती टेस्ट पूर्ण लिहायची.

त्या दिवशी जाताना मी त्या मुलाला एक श्रेणी दिली: १/(एन³ × साइन²एन), एन रेडियनमध्ये. फ्लिंट हिल्स सीरीज म्हणतात तिला. रात्री त्याचा मेसेज आला. २२ ला एक छोटी उडी, मग ३५४ पर्यंत सपाट, ४.८१. आर वगैरे सगळं बघितलं, कन्व्हर्ज होते.

मी लिहिलं, यादी ४०० पर्यंत कर.

थोड्या वेळाने स्क्रीनशॉट आला. ३५५ व्या पदाला बेरीज ४.८१ वरून एकदम २९.४१. खाली फक्त "???". ३५५/११३ हा अपूर्णांक पायच्या इतका जवळ आहे की ३५५ चा साइन शून्याला घासून जातो, आणि तो वर्ग होऊन छेदात बसलेला. पुढे ७१० ला ०.७७ ची उडी आहे, १०६५ ला ०.१० ची, मग पुन्हा लांबच लांब सपाट.

"मग कन्व्हर्ज की डायव्हर्ज?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. त्यावर त्याचं उत्तर सकाळी सहाला आलं: यादी दहा हजारपर्यंत केलीय, फोन हँग झालाय, आणि आज क्लासला येतोय.